पूर्ण बाह्यांचा शर्ट

मागच्या वर्षी आमच्या घरी मुलीच्या लग्नाची तयारी चालली होती. गाऊन शिवणाऱ्या बाई माप घ्यायला नंदाखालला घरी आल्या होत्या. गळा झाला, कंबर झाली, उंची झाली. मग त्यांनी टेपचे टोक मुलीच्या खांद्यावर धरले आणि विचारले, "बाह्या किती लांब ठेवायच्या?"

प्रश्न अगदी साधा. पण माझ्या पत्नीने चटकन माझ्याकडे पाहिले आणि मी खिडकीबाहेरच्या केळींकडे पाहू लागलो. मुलीच्या दोन्ही कोपरांवर रुपयाएवढे लालसर चट्टे आहेत. तसेच चट्टे माझ्या कोपरांवर उमटले तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. त्यानंतरची अकरा वर्षे मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. वसईच्या मे महिन्यात, घामाने पाठीला कापड चिकटलेले असतानासुद्धा मनगटाचे बटण उघडले नाही.

मुलीने काय उत्तर दिले ते सांगण्याआधी त्या अकरा वर्षांचा हिशेब मांडला पाहिजे. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस. जुनी खाती बंद करताना शिल्लक दाखवावी लागते.

१९९१ च्या पावसाळ्यात माझा घसा धरला, ताप आला आणि गेला. पंधरा-वीस दिवसांनी अंगावर लाल ठिपके उठले. ते विरले, पण कोपरांवर आणि केसांच्या कडेला राहिले. त्यांच्यावर पांढरी, चांदीसारखी खपली धरू लागली. गजकर्ण असेल म्हणून औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. आठ दिवसांत चट्टा गेला, ट्यूब संपली आणि चट्टा दुपटीने परत आला. डॉक्टरांनी नाव सांगितले तेव्हा मी ते प्रथमच ऐकले : सोरायसिस.

मी तेव्हा मुंबईतल्या एका शाखेत अधिकारी होतो. समोर काळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्याची लेजरे असत. सही करायला वाकलो की डोक्यातला आणि बाहीतला पांढरा भुगा त्या काळ्या पुठ्ठ्यावर पडे. तो मी कोणी पाहण्याआधी फुंकून टाकी. एकदा एका वृद्ध खातेदाराने माझ्या हातून पासबुक घेतले आणि खिशातला रुमाल काढून ते दोन्ही बाजूंनी पुसले. बोलला काही नाही. शब्दाने अपमान केला असता तर उत्तर तरी देता आले असते.

पण खरा धक्का लोकलमध्ये बसला. विरार लोकलची ख्याती वाचकांना सांगायला नको. तिघांच्या बाकावर चौथा टेकतो आणि त्या चार बोटे जागेसाठी मैत्री तुटते. एका सकाळी गर्दीत माझी बाही वर सरकली. शेजारच्या गृहस्थांनी कोपराकडे पाहिले आणि ते उठले. भाईंदर गेले, बोरिवली गेले, ते उभेच. आणखी नवल म्हणजे ती रिकामी जागा घ्यायला कोणी पुढे आले नाही. विरार लोकलमध्ये शेजारची जागा रिकामी घेऊन अंधेरीपर्यंत गेलेला मी एकटाच प्रवासी असेन.

लोकांच्या मनात काय होते ते मला ठाऊक होते. आपल्याकडे त्वचेवर चट्टा दिसला की पहिला संशय महारोगाचा. वास्तविक महारोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो. पण सोरायसिस मुळात संसर्गजन्यच नाही. तो हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने, एका बावखलात पोहल्याने लागत नाही. (बावखल म्हणजे आमच्या वसईतले वाडीला पाणी देणारे गोड्या पाण्याचे तळे. मी त्यातच पोहायला शिकलो. १९९१ नंतर त्यात उतरणे मी बंद केले.)

मग हा आहे तरी काय? आपल्या त्वचेच्या तळाशी नवी पेशी तयार होते, हळूहळू वर सरकते आणि साधारण महिन्याभराने पृष्ठभागावरून गळून पडते. सोरायसिसमध्ये हाच प्रवास तीन-चार दिवसांत उरकतो. शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी काही कारण नसताना खवळतात आणि त्वचेला 'लवकर, आणखी लवकर' असा हुकूम देत राहतात. महिन्याभराच्या नोटा टांकसाळीने चार दिवसांत छापून बाजारात सोडल्या तर जे होईल तेच इथे होते. अर्धवट पिकलेल्या पेशींचा ढीग साचतो आणि खपली होते. खाली रक्तवाहिन्या फुगतात म्हणून लाली. प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असते. घशाचा संसर्ग, मनस्ताप, दारू, काही औषधे, त्वचेला झालेली जखम ही निमित्ते. काहींची नखे खराब होतात, काहींचे सांधे धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये एक ठराव करून या रोगाची आणि त्यापायी येणाऱ्या मानहानीची दखल घेतली. ठरावात मानहानीचा उल्लेख आहे, हे वाचून मला त्या रिकाम्या जागेची आठवण झाली.

दुखणे लपवणारा माणूस उपचारही लपूनच करतो. माझेही तसेच झाले. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी बावचीचे तेल दिले. "लाव आणि उन्हात बस," म्हणाले. डिसेंबरातल्या एका दुपारी, घरचे सगळे बाहेर गेल्याचे पाहून, मी वाडीत विहिरीमागे शर्ट काढून बसलो. अर्धा तास. त्या दिवशी काहीच झाले नाही. दुसऱ्या दिवशी आग सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी हातांवर लिंबाएवढे फोड आले. फोड बसले तिथे नवे चट्टे उमटले, कारण या रोगात जखमेच्या जागी रोग उगवतो.

बावची बिचारी निर्दोष होती. त्या बीत सोरालेन नावाचे द्रव्य असते आणि ते त्वचेला उन्हाबाबत कमालीचे हळवे करते. आयुर्वेदात ती कोडाच्या डागांसाठी उन्हाबरोबर वापरीत आले आहेत. १९३३ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून सोरालेन वेगळे काढले. पण किती द्रव्य आणि किती ऊन, याचे माप चुकले तर औषधाचा विस्तव होतो. मी दोन्ही मापे अंदाजाने घेतली होती.

त्याहून मोठी चूक १९९८ मधली. कोणीतरी एका गुणी माणसाचा पत्ता दिला. त्याने करड्या पुड्या दिल्या. पंधरा दिवसांत अंग लख्ख! मी पत्नीला म्हटले, "सात वर्षं फुकट घालवली." चार महिन्यांनी पुड्या बंद केल्या आणि दहाव्या दिवशी डोक्यापासून पायापर्यंत माझी कातडी लाल झाली. भर उकाड्यात थंडीने दात वाजू लागले. बारा दिवस रुग्णालयात काढावे लागले. त्या पुड्यांत काय होते ते मला अखेरपर्यंत कळले नाही. डॉक्टरांचा अंदाज स्टिरॉइडचा होता. सोरायसिसच्या रोग्याने स्टिरॉइड पोटात घेऊन एकदम थांबवले तर असा भडका उडू शकतो, आणि तो जीवावरही बेतू शकतो. या लेखातले बाकी सारे विसरलात तरी चालेल, एवढे वाक्य ध्यानात ठेवा.

त्यानंतर माझी गाठ पडली ती मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंशी. त्यांनी काही वर्षे आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्यांवर ठेवले. पुढे रक्ततपासणीत यकृताची तक्रार दिसली तेव्हा त्या बंद केल्या. २००२ मध्ये त्या म्हणाल्या, "आता मलम आणि प्रकाश दोन्ही एकत्र करू. अर्धं काम मलम करतं, अर्धं उजेड. पण एक अडचण आहे. उजेडाला अंग दाखवावं लागतं."

त्या उपचाराची रीत सांगतो. सायंकाळी घरी डायथ्रॅनॉल नावाचे मलम फक्त चट्ट्यांवर लावायचे, भोवतीच्या चांगल्या त्वचेला व्हॅसलीनचे कुंपण घालायचे, वीस मिनिटे थांबायचे आणि धुवून टाकायचे. आठवड्यातून तीन दिवस रुग्णालयात जाऊन प्रकाश घ्यायचा. यंत्र म्हणजे माणूस उभा राहील एवढे कपाट; आत चारी बाजूंना उभ्या ट्यूबलाइट. बँकेच्या स्ट्राँगरूममध्ये हजार वेळा शिरलो होतो, पण या कपाटात शिरताना पाय लटपटले. कपडे काढायचे, नाजूक भाग झाकायचा, डोळ्यांना काळा चष्मा लावायचा. खपली जाड असेल तर वर पातळ तेलाचा हात फिरवायचा, म्हणजे किरण आत शिरतात. सॅलिसिलिक ॲसिडचे मलम मात्र त्याआधी लावायचे नाही, ते किरण अडवते.

पहिल्या दिवशी प्रकाश एक मिनिटही नव्हता. मी विचारले, "झालं?" तंत्रज्ञ मुलगा म्हणाला, "काका, थोडं थोडंच वाढवायचं असतं." दर खेपेला काही सेकंद वाढत. मागच्या खेपेची लाली किती आणि किती वेळ टिकली हे तो विचारी, नोंदवी आणि मगच पुढचा आकडा ठरवी. माझा जीव भांड्यात पडला. अखेर कोणीतरी हिशेब ठेवून उपचार करत होते.

खरी परीक्षा झाली ती घरी. डायथ्रॅनॉल लागेल तिथे जांभळट तपकिरी डाग पाडते. चादरी, बनियन, टॉवेल सगळे रंगले. पत्नीने जुन्या चादरींचा एक गठ्ठा वेगळा काढला आणि त्यावर एका शब्दानेही कधी बोलली नाही. आमच्या न्हाणीघरातल्या पांढऱ्या टाइल्सवर तो डाग आजही आहे. पुसायचा मी प्रयत्न केलेला नाही.

त्या काळात रुग्णालयाच्या बाकावर बसून मी या औषधाचे मूळ शोधू लागलो. कादंबरीकाराला फुकटचा वेळ मिळाला की तो असले उद्योग करतो. आणि धागा सापडला तो थेट आपल्या गोव्यापर्यंत.

ब्राझीलच्या बाहिया प्रांतात आरारोबा नावाचे एक झाड आहे. त्याच्या खोडातल्या भेगांमध्ये पिवळट भुकटी साचते. ती खरवडून काढणाऱ्यांचे डोळे आणि तोंड सुजते, इतकी ती जहाल. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ही भुकटी गोव्यात पोचली आणि गोव्यातून मुंबईत. इथे ती गजकर्णावर रामबाण म्हणून विकली जाई. तिचे नाव पडले 'गोवा पावडर'. ती मूळची कुठली हे इंग्रज डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. १८७५ मध्ये बाहियातल्या दा सिल्वा लिमा या डॉक्टरांनी लिहून कळवले की ही तर आमच्याकडची भुकटी. पुढच्याच वर्षी लंडनच्या बॅल्मॅनो स्क्वायर या त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवून दिले की ती सोरायसिसवर चालते. गजकर्ण समजून गोवा पावडर लावणाऱ्या एका रोग्याचा सोरायसिस कमी झाला, त्यातून हे उमगले. म्हणजे माझ्यासारखाच रोगाची चूक करणारा कोणी तिथेही होता. फक्त त्याची चूक जगाच्या कामी आली.

पहिल्या महायुद्धात जर्मनीला ही भुकटी मिळेनाशी झाली. तेव्हा बायर कंपनीने १९१६ मध्ये तिच्या जागी कृत्रिम द्रव्य तयार केले. तेच डायथ्रॅनॉल. आमच्या वसईवर १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे पोर्तुगीजांचा अंमल होता. चर्च, आडनावे, किल्ला असे बरेच काही त्यांनी मागे ठेवले. न्हाणीघरातला तो जांभळा डागही दूरच्या नात्याने त्याच खात्यात जमा करावा लागेल, हे मला सुचले नव्हते.

प्रकाशाची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. डेन्मार्कच्या नील्स फिनसेन यांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल १९०३ चे नोबेल मिळाले. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये विल्यम गोकरमन यांनी रोग्यांना डांबराचे मलम लावून वर अतिनील किरण द्यायला सुरुवात केली. १९५३ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स इथे जॉन इन्ग्रॅम यांनी डांबराची अंघोळ, अतिनील किरण आणि डायथ्रॅनॉल असे तिन्ही एकत्र बांधले. १९७४ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी सोरालेनची गोळी देऊन लांब पल्ल्याचे अतिनील किरण वापरले. म्हणजे विहिरीमागे मी केला तोच प्रयोग, पण मापाने. अमेरिकन कादंबरीकार जॉन अपडाइक यांना हाच रोग होता. उन्हासाठी ते कॅरिबियन बेटांवर जात आणि पुढे बोस्टनमध्ये त्यांनी हा नवा उपचार घेतला. १९८९ च्या आत्मकथनात त्यांनी आपल्या कातडीवर एक अख्खे प्रकरण लिहिले आहे. ते वाचले तेव्हा मला पहिल्यांदा वाटले, हे लिहिण्याजोगे आहे.

सोरालेनच्या उपचाराने गुण येई, पण मळमळ होई, दिवसभर काळा चष्मा लावावा लागे आणि पुष्कळ वर्षे घेतल्यास त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो असे दिसून आले. मग १९८० च्या दशकात नेदरलँड्समध्ये असे दिवे तयार झाले की जे फक्त ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण देतात. नेमके तेवढेच किरण या रोगावर चालतात. त्वचा जाळणारे बाकीचे बरेचसे वगळले जातात. माझ्या कपाटातले दिवे हेच. हे किरण त्वचेत शिरलेल्या खवळलेल्या पेशींना शांत करतात आणि पेशी वाढण्याचा वेग उतरवतात. गोळी लागत नाही, म्हणून गरोदर स्त्रीलाही हा उपचार डॉक्टर देऊ शकतात.

लोक विचारतात, मग आपल्याकडे ऊन फुकट असताना कपाट कशाला? अर्नाळ्याचा किनारा काय वाईट? उन्हाने पुष्कळांना बरे वाटते, हे खरे आहे. युरोपातले रोगी त्यासाठी इस्राएलच्या मृत समुद्रावर जातात. तो समुद्रसपाटीच्या चारशे मीटरहून अधिक खाली असल्याने तिथे जाळणारे किरण हवेतच गाळले जातात. आमचे अर्नाळ्याचे ऊन गाळून येत नाही. ते ऋतूप्रमाणे, वेळेप्रमाणे, ढगांप्रमाणे बदलते. त्यातच काही थोड्या रोग्यांचा सोरायसिस उन्हाने वाढतो. तेव्हा ऊन घ्यायचे तरी ते डॉक्टरांना विचारून, आणि बावचीचे तेल लावून तर मुळीच नाही.

माझ्या पंचवीस खेपा झाल्या. आठव्या खेपेला खपली पातळ झाली, पंधराव्या खेपेला कोपर मऊ लागले. शेवटी चट्ट्यांच्या जागी फक्त फिकट-काळसर सावल्या राहिल्या. त्या रविवारी मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून मिस्साला गेलो. कोणाच्याही लक्षात आले नाही. अकरा वर्षे मी ज्या डोळ्यांना भ्यालो, ते डोळे बहुधा दुसरीकडेच पाहत होते.

पण इथे गोष्ट संपली असे सांगितले तर ती खोटी खतावणी ठरेल. दीड वर्षाने चट्टे परत आले. हा रोग कायमचा जात नाही. तो आटोक्यात राहतो. पुन्हा मलम, पुन्हा कपाट. आता ड जीवनसत्त्वापासून बनवलेली, डाग न पाडणारी मलमे आहेत. तीही प्रकाश घेऊन झाल्यावर लावतात. खवळलेल्या पेशींचे निरोपच अडवणारी इंजेक्शने आली आहेत. त्यांचा गुण मोठा, किंमतही मोठी. प्रकाशाची अडचण वेगळी आहे. आठवड्यातून तीन दिवस, दोन-तीन महिने, कामावरून निघायचे. माझ्या शाखेतल्या एका सहकाऱ्याने निमूटपणे माझे टेबल सांभाळले म्हणून मला ते जमले. वाडीवरून पहाटे फुले घेऊन दादरला जाणाऱ्या बाईने किंवा रोजंदारीवरच्या माणसाने काय करावे? २०२४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात घरी घेतलेला प्रकाश दवाखान्यातल्या प्रकाशाइतकाच गुणकारी ठरला. तशी यंत्रे डॉक्टरांच्या देखरेखीखाली भाड्याने मिळू लागली, तर कितीतरी लोकांची रोजी वाचेल.

मुलगी सव्वीस वर्षांची असताना एका डिसेंबरात मला दिसले की ती घरात पूर्ण बाह्यांचा कुडता घालते. बापाला बाकी काही कळो न कळो, हे कळते. मी म्हणालो, "कोपर दाखव." ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही." माझ्या वाट्याचे दुखणे तिच्याकडे गेले, याची खंत मला होतीच. पण मी लपवण्याची सवयही तिला देऊन बसलो होतो, याची खंत त्याहून मोठी होती. पहिल्यावर माझा इलाज नव्हता. दुसऱ्यावर होता.

त्याच आठवड्यात आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. तिला माझ्यासारख्या मुंबईच्या खेपा घालाव्या लागल्या नाहीत. विरारमधल्याच एका दवाखान्यात प्रकाश मिळाला. संध्याकाळी बाप-लेक ओट्यावर बसून कोपरांना मलम लावू लागलो. लग्नाचे बोलणे सुरू झाले तेव्हा तिने ठरवले की पहिल्याच भेटीत सांगायचे. एका घराने चहा घेतला, चौकशी केली आणि नंतर निरोप पाठवला नाही. ती दोन दिवस गप्प होती. दुसऱ्या मुलाने विचारले, "दुखतं का?" ती म्हणाली, "कधी कधी खाजतं." तो म्हणाला, "मग औषध लावायची आठवण मी करत जाईन." आज तो आमचा जावई आहे.

तर गाऊनच्या बाह्या. शिंपीणबाई टेप धरून उभ्या होत्या. पत्नी माझ्याकडे पाहत होती. मुलीने स्वतःच बोट दंडावर ठेवले, कोपराच्या चांगले वर.

"इथपर्यंत," ती म्हणाली. "मे महिना आहे. गरम होतं."

बाईंनी टेपवरचा आकडा पाहिला, वहीत 'आठ इंच' असे लिहिले आणि पुढचे माप घ्यायला वळल्या.